लेक्चर कळतं, गणित सुटत नाही

प्रश्न: मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत या विषयात कायम पुढे असायचे. इथे लेक्चर ऐकताना सगळं कळतं, वहीही नीट आहे, पण आठवड्याचा प्रश्नसंच समोर आला की पाटी कोरी. मग उत्तरं बघते. वाचताना वाटतं, अरे हे तर सोपं होतं, आणि परीक्षेत पुन्हा तेच. वजनदार कप्पीच्या साध्या गणितात दहापैकी दोन गुण मिळाले. लॅबमध्ये साध्या दोलकावरून गुरुत्व त्वरण काढलं तर ते १०.९ आलं. लांबी १ मीटर होती, २० दोलनांना ३८.१ सेकंद लागले, पाच वेळा मोजलं आणि पाचही वाचनं ०.२ सेकंदांच्या आत होती. कारण म्हणून 'मानवी चूक' लिहिलं, तर सरांनी शेजारी लाल शाईने 'कोणती?' एवढंच लिहिलं. यंदापासून प्रोग्रॅमिंग आहे. त्यात सूर्याभोवती ग्रह फिरवायचा होता, तो फिरत फिरत बाहेरच निघून जातो. माझं गणित कच्चं आहे का? की हा विषयच माझा नाही? पुढे संशोधनात जायचं ठरवलं होतं, आता खात्री वाटत नाही.

— दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर: विषय तुमचा आहे की नाही ते शेवटी बघू. आधी त्या १०.९ चा निकाल लावू, कारण चूक कोणती हे तुमच्या पत्रातच दिसतं आहे.

उत्तर ९.८ ऐवजी १०.९ आलं, म्हणजे सुमारे ११ टक्के जास्त. सूत्रात लांबी अंशात आहे आणि दोलनकालाचा, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग छेदात. तेव्हा एक तर लांबी ११ टक्के जास्त मोजली गेली, नाहीतर दोलनकाल ५ टक्के कमी आला. लांबीचं म्हणाल, तर तुमचा १ मीटरचा दोरा प्रत्यक्षात ९० सेंटिमीटरचा असायला हवा. मीटरपट्टीवर १० सेंटिमीटरची चूक सहसा होत नाही. लांबीत नेहमी होणारी चूक वेगळीच असते: गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं ते विद्यार्थी हुकापर्यंतच मोजतात. त्याने लांबी कमी भरते आणि उत्तर ९.८ च्या खाली जातं. तुमचं वर गेलं आहे, म्हणजे ही चूक बाद. दोलक जास्त कोनातून सोडला असेल तर? २० अंशांतून सोडला तर दोलनकाल जेमतेम ०.८ टक्क्यांनी वाढतो. वाढतो, म्हणजे उत्तर पुन्हा खालीच. हवेचा विरोधही दोलनकाल वाढवतो, आणि तोही नगण्य. स्टॉपवॉच दाबायला उशीर झाला असं धरलं तर त्याची मजल ०.२ सेकंद, म्हणजे अर्धा टक्का. तोही दर वेळी थोडा इकडेतिकडे होतो.

आता आकड्याकडेच बघा. १ मीटरच्या दोलकाची २० दोलनं ४०.१ सेकंदांत व्हायला हवीत. तुमची ३८.१ सेकंदांत झाली. फरक २ सेकंदांचा, आणि १ मीटरच्या दोलकाचं एक दोलन जवळजवळ २ सेकंदांचं असतं. स्टॉपवॉच सुरू करताना तुम्ही 'एक' म्हणालात. म्हणायला हवं होतं 'शून्य'. मोजली १९ दोलनं, भागलं २० ने. पाचही वाचनं जुळली कारण पाचही वेळा 'एक' म्हणालात. वाचनं पुन्हा पुन्हा घेतली की इकडेतिकडे होणारी चूक कमी होते, तीही वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशोबाने. दर वेळी एकाच दिशेने होणारी चूक मात्र हजार वाचनांनीही हलत नाही. उलट वाचनं छान जुळल्यामुळे आपण निश्चिंत होतो.

पुढच्या वेळी हे पकडायचं कसं? बहुतेक जण म्हणतील, वेगवेगळ्या लांब्या घ्या आणि दोलनकालाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख काढा. तो काढाच. लांबी हुकापर्यंत मोजली असेल तर रेषा शून्यातून जात नाही, पण तिचा चढ बरोबर राहतो आणि उत्तर चढावरूनच काढायचं असल्यामुळे चूक आपोआप बाजूला पडते. एकाच लांबीचं वाचन सूत्रात घालण्यापेक्षा आलेख बरा म्हणतात तो यासाठी. पण मोजणीतली चूक हा आलेख पकडणार नाही. सगळे दोलनकाल सारख्याच प्रमाणात कमी आले की रेषा सरळही येते, शून्यातूनही जाते, फक्त तिचा चढ चुकतो. त्यासाठी दुसरा आलेख लागतो: एकच लांबी ठेवायची आणि ५, १०, १५, २० दोलनांचा एकूण वेळ घ्यायचा. तुमच्या पद्धतीने ८.०, १८.१, २८.१, ३८.१ सेकंद असं काहीतरी आलं असतं. ही रेषा दोलनसंख्येच्या अक्षाला शून्याऐवजी १ वर छेदते, आणि चूक तिथेच उघडी पडते. तिच्या चढावरून दोलनकाल मात्र बरोबर २.०१ मिळतो. पाच मिनिटांचं जादा काम आहे.

सरांच्या 'कोणती?' चा अर्थ एवढाच होता. 'मानवी चूक' हे कारण होत नाही. अहवालात तीन गोष्टी याव्यात: कोणती राशी चुकली, कोणत्या दिशेला, आणि किती. शेवटच्या दोन लिहिल्या की निम्मी कारणं जागच्या जागी गळतात, वर गळाली तशी.

दोलकाचं अजून थोडं सांगायला हवं, कारण त्यातून पुढच्या सगळ्या लॅबची सवय लागते. वेळ मोजायला सुरुवात गोळा सर्वांत खाली असताना करा, टोकाला असताना नाही. खाली तो सर्वांत वेगात असतो, त्यामुळे क्षण नेमका सापडतो. टोकाला तो रेंगाळतो आणि तो कधी वळला हे डोळ्याला ठरवता येत नाही. मग हिशोब करा: लांबीतली १ मिलिमीटरची चूक म्हणजे ०.१ टक्का. ४० सेकंदांत ०.२ सेकंद म्हणजे ०.५ टक्के, आणि दोलनकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात ती १ टक्का होते. म्हणजे लांबी आणखी बारकाईने मोजण्यात वेळ घालवू नका, २० ऐवजी ५० दोलनं मोजा. चूक ०.४ टक्क्यांवर येईल. हा हिशोब प्रयोगाच्या आधी करायचा असतो. तो नंतर, अहवाल लिहिताना करण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि ती निरुपयोगी आहे. आणि उत्तर ९.७८३२ असं लिहू नका. चूक ०.१ असेल तर ९.८ अधिक-उणे ०.१, बस्स. पुढचे आकडे कॅल्क्युलेटरचे आहेत, तुमचे नाहीत.

स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशकिरणांचे कोन मोजणारं उपकरण, आला की एक सापळा हमखास असतो: २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.३० नव्हे, २०.५ अंश. दोन्ही बाजूंचे व्हर्निअर (बारीक मापपट्ट्या) वाचा, कारण तबकडीचा मध्य आणि फिरण्याचा आस तंतोतंत एकावर एक नसतात. दोन वाचनांच्या सरासरीत तो दोष निघून जातो. किरणोत्साराच्या प्रयोगात १०० मोजण्यांवर चूक त्यांच्या वर्गमुळाएवढी, १० ची, म्हणजे १० टक्के. १ टक्का हवा असेल तर १०,००० मोजण्या लागतील, म्हणजे शंभरपट वेळ थांबावं लागेल. एलईडीवरून प्लँकचा स्थिरांक काढण्याचा प्रयोग कधीतरी येईलच. २० मे २०१९ पासून त्या स्थिरांकाची किंमत व्याख्येनेच पक्की केलेली आहे, तेव्हा तुम्ही मोजता ती खरं तर तुमच्या मांडणीची अचूकता. एलईडी नेमका किती व्होल्टला पेटला हे प्रत्येक जण वेगळं ठरवतो, आणि त्या प्रयोगाचं घोडं तिथेच अडतं.

आता कप्पी. तुमची उत्तरपत्रिका पाहिलेली नाही, पण या गणितात दहापैकी दोन मिळण्याचा एक ठरलेला मार्ग आहे: दोरीच्या दोन्ही बाजूंना एकच ताण धरायचा. शाळेत कप्पी वजनरहित असायची, तिथे ते चालायचं. इथे कप्पीला वस्तुमान आहे आणि तिला फिरवायचं आहे. दोन्ही बाजूंचा ताण सारखा असेल तर तिला पिळणारं निव्वळ आघूर्ण शून्य, मग ती फिरायला लागेल कशी? ताण दोन धरायचे, इथेच या गणिताची मेख आहे.

पाटी कोरी असते तेव्हा हाताने काय करायचं ते याच गणितावर बघू. एका बाजूला ३ किलो, दुसऱ्या बाजूला २ किलो, कप्पी २ किलोची भरीव चकती. पहिलं काम आकृती. मोठी, अर्धं पान भरेल एवढी. दुसरं, प्रत्येक वस्तू वेगळी काढून तिच्यावरची बलं बाणांनी दाखवायची: ३ किलोवर खाली वजन, वर पहिला ताण. २ किलोवर खाली वजन, वर दुसरा ताण. कप्पीच्या कडेला दोन्ही ताण खाली. तिसरं, कोणती दिशा धन ते पानावर लिहायचं. ३ किलो खाली जातो ती धन, त्यामुळे २ किलोसाठी वर आणि कप्पीसाठी ३ किलोच्या बाजूला फिरणं धन. चिन्हांचे गोंधळ जवळजवळ सगळे ही ओळ न लिहिल्याने होतात. चौथं, अज्ञात किती ते मोजायचं: दोन ताण, रेषीय त्वरण, कोनीय त्वरण. चार. म्हणजे चार समीकरणं लागणार. तीन वस्तूंची तीन झाली, चौथं कुठलं? दोरी घसरत नाही, म्हणून रेषीय त्वरण म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय त्वरण. परीक्षेत विसरलं जातं ते हेच चौथं समीकरण, कारण ते कुठल्याही बलाच्या बाणात दिसत नाही.

इथपर्यंत हुशारी कुठेच लागलेली नाही, आणि पाटीही कोरी राहिलेली नाही. बऱ्याच ठिकाणी एवढ्यालाच निम्मे गुण असतात.

पुढे अक्षरांतच सोडवा, आकडे शेवटी घाला. सोडवल्यावर त्वरण येतं: गुरुत्व त्वरण गुणिले वस्तुमानांतला फरक, भागिले दोन्ही वस्तुमानांची बेरीज अधिक कप्पीचं अर्धं वस्तुमान. आकडे घातले तर ९.८ भागिले ६, म्हणजे १.६३. ताण २४.५ आणि २२.९ न्यूटन. आता पेन खाली ठेवू नका, उत्तराची उलटतपासणी करा. कप्पीचं वस्तुमान शून्य केलं तर शाळेतलं उत्तर मिळतं का? ९.८ भागिले ५, १.९६, मिळतं. दोन्ही वस्तुमानं सारखी केली तर? शून्य, बरोबर. कप्पी प्रचंड जड केली तर? त्वरण शून्याकडे जातं, तेही पटतं. ३ किलोच्या बाजूचा ताण त्याच्या वजनापेक्षा, म्हणजे २९.४ पेक्षा कमी आहे का? तो खाली वेग घेतो आहे, तेव्हा कमीच हवा, आणि आहे. दोन ताणांतला फरक कप्पीला फिरवायला पुरतो का? फरक १.६३ न्यूटन, कप्पीचं अर्धं वस्तुमान १ किलो गुणिले त्वरण १.६३. जुळलं. त्रिज्या उत्तरात कुठेच नाही, ते का? जडत्व आघूर्णात (फिरण्याला होणाऱ्या विरोधाच्या मापात) ती वर्गाने येते आणि बाकीच्या दोन जागी एकेकदा येऊन तो वर्ग खाऊन टाकते. आकडे पहिल्याच ओळीत घातले असते तर यातला एकही प्रश्न विचारता आला नसता. अक्षरं शेवटपर्यंत ठेवा म्हणतात ते नीटनेटकेपणासाठी नाही.

गुरुत्व त्वरण १०.९ आलं तेव्हा विचारायचे प्रश्नही असेच होते: दिशा कोणती, आकार केवढा, टोकाला नेलं तर काय होतं. कागद आणि लॅब या दोन वेगळ्या कला आहेत असं वेळापत्रक बघून वाटतं, एवढंच.

उत्तरं वाचण्याबद्दल. वाचताना सोपं वाटतं, कारण अवघड काम, म्हणजे कुठून सुरुवात करायची हे ठरवणं, ते दुसऱ्याने आधीच केलेलं असतं. उत्तरपुस्तिका वापरूच नका असा सोवळेपणा आम्ही सांगणार नाही, सगळे वापरतात. वापरायची पद्धत मात्र बदला. प्रश्नसंच मिळाला त्याच दिवशी सगळे प्रश्न वाचून प्रत्येकाची आकृती आणि अज्ञातांची यादी करून ठेवा, सोडवायचं नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला अर्धा तास द्या. अडलं की सोडून पुढचा घ्या. तिसऱ्या दिवशी अडलेले पुन्हा. मगच उत्तरावर कागद ठेवून एक ओळ उघडा, फक्त एक, आणि कागद पुन्हा झाकून स्वतः पुढे जा. अशा रीतीने सुटलेलं गणित दोन दिवसांनी कोऱ्या पानावर पहिल्यापासून करा. ही शेवटची पायरी कंटाळवाणी असते, म्हणून सगळे गाळतात, आणि परीक्षेत करावी लागते ती नेमकी हीच.

सोबत वहीच्या मागच्या पानावर अडलं कुठे याची नोंद ठेवा, चार रकान्यांत: आकृतीच काढली नव्हती, चुकीचा नियम लावला, गणिती पायरी जमली नाही, चिन्ह किंवा एकक चुकलं. पाचसहा प्रश्नसंचांनंतर रकाने मोजा. 'माझं गणित कच्चं आहे का' याचं उत्तर आम्ही इथून देऊ शकत नाही, ते पान देईल. पुष्कळांच्या बाबतीत तिसरा रकाना सर्वांत रिकामा असतो आणि पहिले दोन भरलेले.

तिसराच भरला तर ही परीक्षा घ्या, पुस्तकाशिवाय, प्रत्येकी दहा मिनिटं: कोसाइनची टेलर मालिका पहिल्या दोन पदांपर्यंत. विरोध असलेल्या स्प्रिंगचं डिफरन्शिअल इक्वेशन, तिन्ही प्रकारची उत्तरं. दोन बाय दोन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू. भरीव गोलाचं जडत्व आघूर्ण इंटिग्रेशनने, उत्तर दोन पंचमांश यायला हवं. जे जमत नाही तेवढ्याच भागाची वीस-तीस उदाहरणं घोटा. अख्खं गणिताचं पुस्तक पहिल्या पानापासून करायला बसू नका, तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे कोणी जात नाही.

दुसऱ्या वर्षी अवघड जातं याला एक साधं कारणही आहे. पहिलं वर्ष बरंचसं शाळेचीच उजळणी असते. दुसऱ्या वर्षी विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी आणि क्वांटम यांतली दोन तरी एकदम अंगावर येतात आणि त्यांना लागणारं गणित त्याच महिन्यांत गणिताच्या तासाला चालू असतं, कधी कधी दोन आठवडे मागे. प्रत्येकात ठेच लागायची जागा ठरलेली आहे. विद्युतचुंबकत्वात गाउसचा नियम (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारं विद्युत क्षेत्र आतल्या विद्युतभारावर ठरतं): तो कायम खरा असतो, पण क्षेत्र काढायला उपयोगी पडतो तो सममिती असेल तेव्हाच. मर्यादित लांबीच्या तारेला तो लावून अनंत तारेचं उत्तर लिहिणारे दर वर्षी असतात. उष्मागतिकीत अडतं ते डेरिव्हेटिव्हच्या खाली लिहिलेल्या छोट्या अक्षरापाशी, म्हणजे काय स्थिर ठेवलं आहे त्यापाशी. दाब स्थिर ठेवून आणि आकारमान स्थिर ठेवून येणारी उत्तरं वेगळी असतात. ते अक्षर दर वेळी लिहा, आळस करू नका.

क्वांटममध्ये अडचण उलटी. गणित यंत्रासारखं करता येतं आणि आकडा कशाचा आहे याचं भानच सुटतं. त्यासाठी चार आकडे पाठ ठेवा: प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे सुमारे १२४० इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचं छोटं एकक). खोलीच्या तापमानाची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टचा चाळिसावा भाग. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ५.११ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट. एवढ्यावर पुष्कळ तपासता येतं. १ नॅनोमीटर रुंदीच्या, ऊर्जेच्या खोल विहिरीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनची सर्वांत कमी ऊर्जा ०.३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. ती ३८० आली तर घातांक कुठेतरी सटकला, हे तुम्हाला पेपर देण्याआधीच कळेल. हिरव्या प्रकाशाचा एक फोटॉन सव्वादोन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या ऊर्जेच्या नव्वदपट. टेबल-खुर्च्या अंधारात आपणहून चमकत का नाहीत, हे या एका भागाकारात आहे.

तुमचा पळून जाणारा ग्रह. तुम्ही बहुधा ऑयलरची पद्धत जशीच्या तशी वापरली आहे: जुन्या वेगाने जागा पुढे सरकवायची आणि जुन्या जागेवरच्या बलाने वेग. या पद्धतीत प्रत्येक पावलाला थोडी ऊर्जा फुकट तयार होते. ग्रहाआधी साध्या स्प्रिंगवर करून बघा, कारण तिचं उत्तर माहीत असतं. एका दोलनाची ६२८ पावलं केली, म्हणजे ऐकायला पुष्कळ बारीक, तरी ऊर्जा दर दोलनाला साडेसहा टक्क्यांनी वाढते. अकरा दोलनांत ती दुप्पट. उपाय दोन ओळींची अदलाबदल: आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने जागा. ऊर्जा मग किंचित वरखाली होत राहते, पण एका दिशेने वाहत जात नाही, आणि ग्रह कक्षेत राहतो. पाऊल लहान करत बसणं हा उपाय नाही, त्याने ग्रह उशिरा पळतो इतकंच. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एकूण ऊर्जा छापणारी ओळ पहिल्या दिवसापासून ठेवा. पाऊल निम्मं करून उत्तर किती हललं तेही बघा. आणि ग्रहासाठी मीटर-किलो-सेकंद वापरू नका. अंतर सूर्य-पृथ्वी अंतरात, काळ वर्षांत मोजा. मग सूर्याचं गुरुत्व (गुरुत्व स्थिरांक गुणिले सूर्याचं वस्तुमान) चार गुणिले पायचा (π) वर्ग, म्हणजे ३९.५ इतकं सुटसुटीत होतं आणि अकरा शून्यांचे आकडे टंकताना होणाऱ्या चुका टळतात.

गटाने अभ्यास करायचा तर तिघं-चौघं पुरे, आणि प्रत्येकाने स्वतः झटून मगच यायचं. एकाने वही न बघता फळ्यावर करायचं, बाकीच्यांनी 'हे कशावरून?' विचारायचं. शेवटची प्रत घरी एकट्याने लिहायची. एकाने सोडवून बाकीच्यांनी उतरवायचं असेल तर गट नसलेला बरा. परीक्षेबद्दल एवढंच: गुणांच्या प्रमाणात वेळ वाटा, आणि उत्तर चुकलं आहे हे कळलं पण कुठे ते सापडत नसेल, तर तसं एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, वस्तुमानं सारखी असताना त्वरण शून्य यायला हवं, ते येत नाही. हे लिहिणाऱ्याला बरेच परीक्षक काही ना काही देतात.

आता शेवटचा प्रश्न. हा विषय तुमचा आहे की नाही, हे दुसऱ्या वर्षाच्या गुणांवरून ठरवू नका, आणि शाळेच्या गुणांवरून तर मुळीच नाही. संशोधनाचं रोजचं काम प्रश्नसंचासारखं नसतं. त्यात पुष्कळसा वेळ प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात, गळणाऱ्या पंपाशी झटण्यात, आलेख पुन्हा काढण्यात आणि लिहिण्यात जातो. १०.९ चं कारण वाचताना पुढचं वाक्य यायच्या आधीच तुम्ही संशय घ्यायला लागला होतात का? लागला असाल, तर या कामाची आवड आहे असं आम्ही समजू. लेक्चरच्या गोष्टी आवडतात पण असा शोध घेताना वैताग येतो, असंही असू शकतं, त्यात कमीपणा काही नाही. पदवी घेऊन सॉफ्टवेअर, विदा (डेटा) विश्लेषण, उपकरणनिर्मिती, विमा आणि वित्तक्षेत्र, शिक्षण इकडे जाणारे खूप असतात. रुग्णालयातल्या किरणोपचाराचं काम हवं असेल तर वैद्यकीय भौतिकीचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याच्या अटी आताच वाचून ठेवा, कारण काही विषय पदवीतच निवडलेले असावे लागतात.

संशोधनाचा अंदाज घ्यायचा तर शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची वाट बघू नका, त्याआधीच्या सुट्टीत कुणाच्या तरी प्रयोगशाळेत सहाआठ आठवडे काम मागा. पुढे डॉक्टरेटसाठी शिफारसपत्रं लागतात आणि तुम्हाला फक्त वर्गात पाहिलेल्या शिक्षकाला त्यात लिहिण्यासारखं फारसं नसतं. विनंतीची ईमेल आठ-दहा ओळींची असू द्या: कोणतं वर्ष, त्यांच्या कोणत्या कामाबद्दल काय वाचलं, तुम्हाला काय करता येतं, कोणत्या तारखांना मोकळे आहात. 'मला लहानपणापासून विश्वाचं कुतूहल आहे' हे वाक्य काढून टाका, ते प्रत्येक ईमेलमध्ये असतं. त्याऐवजी ग्रह कक्षेत ठेवणारा तुमचा प्रोग्रॅम आणि त्याच्या ऊर्जेचा आलेख जोडा.

काम मिळालं की पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या. विदा किंवा उपकरण आज हाताशी आहे की यायचं आहे? रोज अडलं तर विचारायचं कुणाला, कारण मार्गदर्शक रोज भेटत नाहीत. आणि सगळं फसलं तरी शेवटी दाखवता येईल असा सर्वांत लहान निकाल कोणता? विद्यार्थ्यांचे प्रकल्प फसतात ते बहुतेक पहिल्या प्रश्नावर. उपकरण यायचं आहे असं उत्तर आलं, तर त्याच मार्गदर्शकांकडे आधी गोळा झालेल्या जुन्या विदेवर करता येईल असं काम मागून घ्या.